अठरा खोल्यांची राखण

नळदुर्ग
माघ वद्य ३, शके १८६५

चिरंजीव महालिंग,

आशीर्वाद. रुद्रम्माला आणि पोरांना विचारलं म्हणून सांग. हे पत्र टपालात न टाकता सोलापूरच्या मोटारवाल्याकडे देत आहे. टपालवाल्यावर माझा भरवसा उरलेला नाही. मागच्या पाकिटाचा डिंक ओला होता असं तूच लिहिलं होतंस. भरवसा मोटारवाल्यावरही नाही, पण त्याला वाचता येत नाही.

तुझा बंगला ठीक आहे. रोज सकाळी अठराच्या अठरा खोल्या उघडते, खिडक्या ढकलते, वारा खेळवते आणि ऊन फरशीवर उतरलं की पुन्हा लावून घेते. शहाबादी फरशी ओल्या फडक्यानं पुसते. दिवाणखान्यातल्या झोपाळ्याची खोळ काढून झटकते, परत घालते. त्यावर अजून कोणी बसलेलं नाही. मीही नाही. हे आधीच लिहून ठेवते, कारण तुझ्या मनात येण्याआधी अशी शंका माझ्याच मनात येते.

स्वयंपाकघरातली चूल कोरी आहे. माझी भाकरी मी फाटकाजवळच्या माझ्या खोलीत तीन दगडांवर भाजते. घरभरणी होऊन मालकिणीच्या हातून पूर्वेला दूध उतू गेल्याशिवाय नव्या चुलीत काडी पेटवायची नाही, हे आईनं आपल्या दोघांनाही शिकवलंय. ज्याचं दूध पहिलं उतू जाईल त्याचं घर, असं ती म्हणायची. पण तीन वर्षं झाली रे. मठातले स्वामी मुहूर्तच काढून देत नाहीत म्हणतोस. त्यांच्या पंचांगाला काय झालंय कोणास ठाऊक.

आता खरी गोष्ट. परवा खालच्या धनगरवाडीला आग लागली. बावीस खोपटी भर दुपारी जळून गेली. माणसं वाचली. मेंढरं बाप्यांबरोबर भूमकडच्या माळावर चरायला गेली आहेत म्हणून तीही वाचली. वाडीची जागा ज्या देशमुखांची, ते म्हणतात आता तिथं पुन्हा खोपटी नकोत, आम्ही पेरणार. म्हणून ती साठएक माणसं रस्त्याच्या कडेला, आपल्या कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून कडुलिंबांखाली बसली आहेत. लिंब तर रस्ताभर आहेत. मग आपल्याच भिंतीशी का?

त्यांचा म्होरक्या बिभीषण म्हणून आहे. मी फाटकातूनच विचारलं, "कामून इथंच बसलात?"

"भिंतीनं वारा अडतोय, आक्का," तो म्हणाला.

उत्तर इतकं सरळ होतं की मला जास्तच संशय आला.

शिवाय कोंडाबाई नावाची एक म्हातारी आहे. माझ्याच वयाची असेल, पण तोंडानं माझ्या वरताण. तिची सून तारामती पोटुशी आहे, दिवस भरत आलेत. तिचा नवरा बिराप्पा मेंढरांमागं गेलाय, त्याला आगीचा पत्ताही नाही. ती पोरगी दिवसभर बंगल्याच्या खिडक्यांकडे बघत बसते. काय बघते ते कळत नाही.

फाटकाला साखळी घातली आहे. आपल्या विहिरीचं पाणी त्यांना द्यावं की नाही ते कळव. तुझं उत्तर येईपर्यंत देत नाही.

तुझी अक्का,
जगदेवी


माघ वद्य १३

चि. महालिंग,

पाणी द्यायचं नाही, विहीर बाटेल, असं तू लिहिलंस. वाचलं. तुझं उत्तर यायला नऊ दिवस लागले आणि नऊ दिवस माणूस पाण्यावाचून राहत नाही, एवढंच लिहिते. पुढचं तू समजून घे आणि रागाव.

पण त्याहून मोठी भानगड आहे. बंगल्यात कोणीतरी शिरतंय.

काल बाजारातून आले. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या मोठ्या आरशासमोर फरशीवर मातीचे ठसे. सकाळी मी स्वतः पुसलेली फरशी! झोपाळ्याची खोळ उलटी घातलेली. शिवणीचा भाग आत असतो, तो बाहेर. माझ्या डोळ्यांतून हे सुटत नाही.

मी थेट भिंतीपलीकडे गेले. मास्तर असते तर म्हणाले असते, आधी विचार कर. पण मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मला लिहा-वाचायला शिकवलं तसं शांत राहायला शिकवायचं त्यांच्याकडून राहून गेलं. मी सगळ्यांसमोर ओरडले. बिभीषणला म्हटलं, तुझी माणसं भिंत चढून आत जातात, पोलीस पाटलाला बोलावते. तो नुसता खाली बघत राहिला. बघ, म्हटलं, चोराच्या मनात काय असतं.

कोंडाबाई उठली. "चला, दावा कुठं हाय ठसा."

तिला आत न्यायचं म्हणजे साखळी काढायची. मी काढली, कारण मला तिला खोटं पाडायचं होतं. ती जिना चढताना कठड्याला हातही लावत नव्हती. आरशासमोर आली, वाकली आणि हसायलाच लागली.

"आवं आक्का, ह्यो तर बूट हाय. ह्ये बगा, टाचंला खिळं. आमच्या बावीस घरांत कुणाच्या बापानं बूट घातलाय का?"

खरंच बूट होता. दोन जोड्यांचे ठसे, एक मोठा, एक त्याहून लहान. खाली येऊन कुलूप तपासलं. तुटलेलं नाही, ओरखडासुद्धा नाही. म्हणजे किल्लीनं उघडलंय. आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आहे, अंघोळीलासुद्धा काढत नाही.

महालिंग, दुसरी किल्ली कोणाकडे आहे?

जगदेवी


फाल्गुन शुद्ध ६

चि. महालिंग,

किल्लीबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. पत्रभर लढाईच्या बातम्या, रॉकेल मिळत नाही, लेकीला, प्रेमाला शिवणयंत्र घेतलं. वाचून बरं वाटलं. पण मी विचारलं एक आणि तू सांगितलंस भलतंच.

म्हणून मीच शोध लावला. बाजाराच्या दिवशी मी बाहेर असते हे सगळ्या नळदुर्गाला माहीत आहे. या खेपेला पिशवी घेऊन निघाले, वळणापर्यंत गेले, आणि मागच्या वाटेनं येऊन लिंबाखाली कोंडाबाईजवळ बसले. तिच्या घोंगडीआड. तुझी बहीण, मास्तरांची बायको, घोंगडीआड! कोंडाबाईला तर मोठी मौज वाटली. तिनं मला भाजलेले हरभरे दिले. मी खाल्ले.

ऊन वर आलं आणि एक टांगा थांबला. आत कोण होतं, सांगू? तुझा दिवाणजी शरणप्पा. खिशातून किल्ली काढली, साखळी सोडली, आणि कोट-फेटेवाल्या दोन पाव्हण्यांना वाकून वाकून आत घेतलं. बुटांसकट. अर्ध्या तासानं ते बाहेर आले तेव्हा त्यातला थोरला म्हणत होता, "घर कसं अगदी कोरं ठेवलंय!"

टांगा जाऊ दिला आणि मी शरणप्पाला फाटकातच गाठलं. तो घाईघाईनं साखळी घालत होता.

"आक्का, तुमच्यापासून लपवायचं न्हवतं. मालकांचा हुकूम हाय. प्रेमाबाईंच्या सोयरीकीचे पाव्हणे हायत, त्यांना घर दाखवायचं होतं."

"आन् याआधी किती जणांना दाखवलं?"

तो बोटं मोजायला लागला आणि मधेच थांबला.

म्हणजे घर दाखवायला आहे. बरं. दाखव. घर बांधणाऱ्याला तेवढी हौस असतेच. पण मग माझ्यापासून चोरून का? मी आडवी आले असते असं वाटलं का तुला? आणि पाव्हण्यांना जे सांगता ते मलाही सांगायला काय झालं? शरणप्पाला विचारलं, पाव्हणे विचारतात का, इथं कोणी राहत का नाही? तो म्हणाला, विचारतात. मग काय सांगता? तर म्हणाला, मुहूर्ताचं सांगतो.

तो मुहूर्त शब्द ज्या तऱ्हेनं म्हणाला ती मला आवडली नाही. मी मठात जाणार आहे.

तारामतीच्या पायाला सूज आली आहे. तिला माझ्या खोलीच्या ओट्यावर टेकायला जागा दिली. ओटा बंगल्यात मोडत नाही.

जगदेवी


फाल्गुन वद्य २

महालिंग,

मठात जाऊन आले. स्वामींना साष्टांग घातला आणि हात जोडून विचारलं, माझ्या भावाच्या घरभरणीला तीन वर्षांत एकही दिवस चांगला नाही का?

स्वामी मग म्हणाले, "महालिंगप्पांचा? त्यांनी आम्हांला मुहूर्त विचारलाच नाही, अक्का. विचारला असता तर नाही का म्हणालो असतो?"

शिष्यानं मला पाणी आणून दिलं. माझं तोंड तसं झालं असेल.

दुसऱ्या कुठल्या मठात विचारलं असशील तर त्या मठाचं नाव कळव. तीन वर्षं मी फाटकाजवळच्या खोलीत, तीन दगडांवर भाकरी भाजत मुहूर्ताची वाट बघितली. घरभरणी झाली की मागच्या बाजूची उजेडाची खोली तुझी, असं तू म्हणाला होतास. नाव कळव.

जगदेवी


चैत्र शुद्ध ४, शके १८६६

चि. महालिंग,

मठाचं नाव आलं नाही. असो.

परवा गारा पडल्या. स्वयंपाकघरावरची चार कौलं फुटली, एका खिडकीची रंगीत काच गेली. बाकी ठीक आहे.

नाही, ठीक नाही. दोनदा कागद फाडला. आता जे झालं ते सरळ लिहिते, कारण शरणप्पा लिहील त्यापेक्षा मी लिहिलेलं बरं.

दुपारचं जेवण झालं होतं. किल्ल्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं आणि बघता बघता लिंबाएवढ्या गारा कोसळायला लागल्या. भिंतीशी बसलेल्या माणसांना जायला जागा कुठं? बायांनी पोरांवर भांडी पालथी घातली. घोंगड्या फाटल्या. बिभीषणच्या डोक्यातून रक्त आलं. आणि माझ्या ओट्यावर तारामतीला कळा सुरू झालेल्या. ओट्याला नुसतं पत्र्याचं छप्पर. ते उडालं.

मी साखळी काढली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी हात जोडले नव्हते. मीच ओरडले, आत या, सगळे आत या.

साठ माणसं तुझ्या दिवाणखान्यात आली आणि एका भिंतीशी ओळीनं उभी राहिली. कोणी झोपाळ्याला हात लावला नाही. लहान पोरांना आयांनी काखेत धरून ठेवलं. आणि मी काय केलं ते ऐक. गारा थांबल्यावर बिभीषण बाहेर बघायला निघाला तेव्हा त्याच्या घोंगडीला फुगवटा दिसला. मी म्हटलं, झटक. त्यानं झटकली. घोंगडीच्या घड्यांतून गारा पडल्या, नुसत्या गारा. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तारामतीला स्वयंपाकघरात नेलं, कारण ऊब तिथंच करता येणार होती. पोर ओलं होऊन आलेलं, निळं पडलेलं. कोंडाबाई म्हणाली, "आक्का, जाळ पायजे, आत्ता पायजे." मी त्या कोऱ्या चुलीत काडी लावली. माझ्या हातानं, महालिंग. दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नकोस. पोराला शेकलं, पाठीवर चोळलं, आणि ते एकदम ओरडलं. मुलगी आहे.

मग त्यांच्या एकुलत्या एका बकरीचं दूध बाळंतिणीसाठी चुलीवर ठेवलं. मी पोरीची नाळ बघण्यात गुंतले. इतक्यात कोंडाबाईनं माझा हात धरला. दूध वर आलं होतं. कोणी हात पुढं करेपर्यंत ते पूर्वेच्या बाजूनं उतू गेलं आणि चुलीत चर्र झालं.

कोंडाबाईचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "आक्का, आमी मुद्दाम न्हाय केलं. म्या शपथ घेते बिरोबाची. तुमच्या भावजयीला सांगू नगा." तिला वाटलं मी आता सगळ्यांना हाकलणार. तिलाही कळत होतं काय झालं ते. धनगराच्या बकरीचं दूध, धनगराच्या लेकीसाठी, तुझ्या घरातलं पहिलं दूध.

मी तुला सांगते आहे. माझ्यावर रागाव, पण मला खोटं ठरवू नकोस. ती माणसं अजून आत आहेत. बाळंतिणीला उघड्यावर घालणं माझ्याच्यानं होणार नाही.

जगदेवी


चैत्र वद्य ६

चि. महालिंग,

तुझी दोन पत्रं दोन दिवसांच्या अंतरानं मिळाली. दोन वेगळ्या माणसांनी लिहिल्यासारखी आहेत.

आधी पहिल्याचं उत्तर देते. बाळंतपणानं घराला विटाळ झाला म्हणतोस. कुठला विटाळ? आपल्या गळ्यात लिंग बांधलं तेव्हा काय सांगितलं होतं? बाळंतपणाचं सुतक नाही, मरणाचं नाही, जातीचं नाही. आपल्या शरण संतांनी हे सगळं पुसून टाकलं म्हणून तर आपण लिंगायत. सोलापूरच्या सभेत फेटा बांधून हेच बोलतोस आणि नळदुर्गला आलं की तुला विटाळ दिसतो? विहिरीच्या पाण्याच्या वेळी मी गप्प बसले, ती माझी चूक.

रुद्रम्मा म्हणते, दुसऱ्याचं दूध उतू गेलेल्या घरात पाऊल टाकणार नाही. तिनं याआधी किती टाकली होती?

आता दुसरं पत्र. त्यात तू एकदम गोड झालास. अक्षय तृतीयेला मुहूर्त बघावा लागत नाही, आम्ही सगळे येऊ, स्वामींकडून शांती करून घरभरणी करू, रुद्रम्मा तयार आहे. त्याआधी आठ दिवस घर मोकळं करून चुना मारून घ्यावा. आणि नंतर विहिरीमागची पडीक जागा त्या लोकांना खोपटी घालायला कायमची देईन, हा माझा शब्द.

ते पत्र मी चारदा वाचलं. दोन दिवसांत माणूस इतका बदलतो का? लहानपणी खोटं बोलताना तू डोळे मिटायचास. आई लगेच ओळखायची. पत्रात डोळे दिसत नाहीत.

पण मग मला लाज वाटली. टपालवाल्यावर संशय घेतला, बिभीषणवर घेतला, त्याची घोंगडी झटकायला लावली, आणि प्रत्येक वेळी मी चुकले. तुला मी कडेवर वाढवलं. आई आजारी होती तेव्हा तम्मा, माझ्या धाकट्या तम्मा म्हणत तुला घेऊन हिंडले. तुझ्या शब्दावरही संशय घ्यायचा तर मग उरलं काय?

मी बिभीषणला पत्र वाचून दाखवलं. तो मग म्हणाला, "सावकाराचं ऱ्हाऊ द्या. तुमची जबान हाय का, आक्का?"

मी म्हटलं, आहे.

ते उद्या बाहेर पडतील. त्यांनी स्वतःहून सगळ्या घराची फरशी धुऊन काढली. तू ये. लवकर ये.

तुझी अक्का


वैशाख शुद्ध ४

महालिंग,

काल अक्षय तृतीया होती.

बायांनी पहाटे उठून फाटकापासून ओट्यापर्यंत सडा घातला. मी आंब्याची पानं बांधली. कोंडाबाईनं रुद्रम्मासाठी नवी टोपली विणून ठेवली होती. विहिरीमागच्या जागेवर बिभीषणनं कोणाचं खोपट कुठं येणार, त्याच्या रेघा काठीनं मारल्या होत्या. तारामती पोरीला घेऊन त्यातल्या एका चौकटीत जाऊन बसली होती, अजून भिंतही नसलेल्या घरात.

टांगा आला. तू नाहीस, रुद्रम्मा नाही, पोरं नाहीत, स्वामीही नाहीत. शरणप्पा उतरला. बरोबर एक लोहार, तीन नवी कुलपं, आणि पोलीस पाटलाचा माणूस. शरणप्पा माझ्याकडे बघेना. म्हणाला, घर मोकळं झालंय तर कुलूप घालून टाकायचा हुकूम आहे. भिंतीवर काचा बसवायच्या आहेत. आणि पडीक जागेचं? त्याबद्दल मालक काही बोलले नाहीत, आक्का.

मी विचारलं, प्रेमाची सोयरीक?

म्हणाला, ठरली. पाव्हण्यांना घर पसंत पडलं.

तुमच्या खोलीला हात लावायचा नाही असंही मालकांनी सांगितलंय, हे त्यानं दोनदा सांगितलं. तुझी मेहरबानी.

लोहार कुलूप बसवत होता तेव्हा साठ माणसं उभी राहून माझ्याकडे बघत होती. तुझ्याकडे नाही. तुला त्यांनी कधी बघितलंच नाही. जबान माझी होती. बिभीषण शिव्या देईल असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं रेघा मारलेली काठी उचलली आणि पोरांना म्हणाला, "चला, भांडी बांधा."

जन्मभर ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला. ज्या एकावर घ्यायला हवा होता त्याच्यावर घेतला नाही, आणि त्याचे चटके माझ्या अंगाला लागले असते तर चाललं असतं. लागले ते महिन्याभराच्या पोरीला.

माझी खोलीही शरणप्पाला बंद करायला सांगितली. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. अठरा खोल्या मोजून घे म्हटलं. मी ह्या लोकांबरोबर निघाले आहे. त्यांनी मला बोलावलेलं नाही. त्यांच्या मागून चालणार आहे.

जगदेवी


येरमाळा, डोंगराखालची वाडी
आषाढ शुद्ध ९

चि. महालिंग,

मी जिवंत आहे का, असं विचारणारं तुझं पत्र देवळाजवळच्या दुकानदारानं आणून दिलं. पत्ता मोटारवाल्यानं सांगितला असेल; इथून स्वामींना लिहिलेली चिठ्ठी मी त्याच्याच हाती दिली होती. मला वाटलंच होतं, त्याला वाचता येतं.

जिवंत आहे. इथं तारामतीचं माहेर आहे. तिच्या बापानं गायरानाच्या कडेला सगळ्यांना जागा दाखवली. सहा मुक्काम चालून आलो. पहिले तीन मुक्काम बिभीषण माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी मागं मागं चालत होते. चौथ्या दिवशी माझ्या टाचा फुटल्या तेव्हा कोंडाबाई मागं थांबली, माझं गाठोडं काढून घेतलं आणि म्हणाली, "आता कशाला लाजता? तुमी बी आमच्यातल्याच की. तुमाला तरी कुठं घर हाय?"

मी रस्त्यात बसून रडले. ती उभी राहिली, मग म्हणाली, चला, उशीर व्हतोय.

बिराप्पा मेंढरं घेऊन इथंच येऊन मिळाला. त्यानं पोरीला पहिल्यांदा बघितलं आणि नुसता हसत राहिला. पोरीचं नाव नागूबाई ठेवलं, कोंडाबाईच्या आईचं. मला वाटलं होतं माझं ठेवतील. वाईट वाटलं, लिहून टाकते.

तू लिहितोस, अक्का, परत ये. शरणप्पावर तुझा विश्वास उरला नाही. कोणीतरी काचा काढून भिंत ओलांडतंय, वरच्या मजल्यावर कौलं सरकलेली आहेत, आरशाला ओल आली आहे. लग्नाआधी पाव्हणे पुन्हा यायचे आहेत आणि घराला घरच्या माणसाची नजर पाहिजे.

घरचं माणूस म्हणालास. तीन वर्षांत हा शब्द तू पहिल्यांदा लिहिलास, आणि तोही राखणीसाठी. मी येणार नाही. माझी नजर आता म्हातारी झाली, आणि रिकाम्या खोल्यांवर ती पुष्कळ खर्च झाली. कोण शिरतंय ते मला माहीत नाही. कोणाला डोक्यावर छप्पर नसेल, तो शिरत असेल.

माझा राग गेलेला नाही. तो जाईल असंही वाटत नाही. तरी पण तुझी आठवण येते, आणि ही गोष्ट मी कोणाला सांगत नाही, म्हणून तुलाच सांगते.

न मागता ह्यांनी मला एक खोपट घालून दिलं. बिभीषणनं कुडाला माती लावली. कवाड नाही, कारण लाकूड पुरलं नाही. पहिले दहा-बारा दिवस मी उठून बसायची, बाहेर जरा पाऊल वाजलं की कोण आहे म्हणून ओरडायची. पलीकडून कोंडाबाई म्हणायची, म्याच हाय, निजा.

कधी आलास तर एकटा ये. दार फार ठेंगणं आहे, वाकून ये. मी झोपलेली असले तर उठव. आताशा मला गाढ झोप लागते.

तुझी अक्का,
जगदेवी